ध्यासावर पेन्सिलीची रेघ

बाबा गेल्यावर त्यांच्या आकाशदर्शनाच्या मित्रांनी एक स्मरणपुस्तिका काढायचं ठरवलं. 16 पानांची, मधोमध दोन पिना मारलेली. त्यातलं एक पान लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि सगळ्या पुस्तिकेचं मुद्रितशोधनही, कारण पोटासाठी मी तेच करते. माझ्या पानाचं पहिलं वाक्य सुचायला वेळ लागला नाही. ‘बाबांना आकाशाचा ध्यास होता.’ अशी वाक्यं सुचत नाहीत, ती तयारच असतात. आठवड्यातून दोनदा तरी कुणाच्या ना कुणाच्या मजकुरात मी हे वाक्य तपासते आणि त्यात काही चूक नसते म्हणून पुढे जाते.

छपाईला देण्याआधी ते पान मी आईला वाचायला दिलं. दुसऱ्या दिवशी परत आलं तेव्हा ‘ध्यास’ या शब्दावर पेन्सिलीची बारीक आडवी रेघ होती आणि वर तिच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘हव्यास’. बाकी पानाला तिने हात लावला नव्हता.

आधी वाटलं, रागावली आहे. मग वाटलं, आणि हे कबूल करायला लाज वाटते, की तिचा गोंधळ झाला असेल. दोन्ही शब्दांची शेपटी सारखीच. मी तिच्यासमोर बसून समजावायला सुरुवात केली, की ध्यास म्हणजे चांगल्या गोष्टीची तीव्र इच्छा, हव्यास म्हणजे वाईट. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मला कळतं दोन्हींतलं. तुला कळतं का बघ.”

चांगलं-वाईट हा फरक पुरत नाही, हे माझं मलाच बोलता बोलता कळलं होतं. आकाश काय वाईट आहे? पुस्तकं वाईट असतात का, नाव होणं वाईट असतं का? तरी पुस्तकांचा हव्यास असू शकतो आणि नावाचा तर असतोच. म्हणजे फरक वस्तूत नाही.

मग मी माझ्या धंद्यातली युक्ती वापरली. शब्द फसवतात, त्यांच्याबरोबर येणारी क्रियापदं सहसा फसवत नाहीत. ध्यास लागतो. जशी भूक लागते, उचकी लागते, ठेच लागते. आपण त्यात काही केलेलं नसतं, ते येऊन आपल्याला लागतं. पण ध्यास घेतातही, जशी शपथ घेतात, जबाबदारी घेतात, श्वास घेतात. म्हणजे आधी तो लागतो आणि मग कधीतरी माणूस तो रीतसर आपल्या अंगावर घेतो. हव्यासाचं असं होत नाही. ‘मला हव्यास लागला’ असं म्हणून बघा, कान लगेच तोंड फिरवतो. हव्यास धरतात. हट्ट धरतात तसा, अबोला धरतात तसा. त्यात मिटलेली मूठ आहे. त्यांची चुलतबहीण हाव, ती तर सुटते. वारा सुटतो, खाज सुटते, तोंडाला पाणी सुटतं, तशीच हावही सुटते. तिला कुणी धरून ठेवलेलं होतं आणि दोर तुटला, असं काहीतरी त्या क्रियापदात आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती मला जास्त टोचली. ध्यास पहिल्या पुरुषात चालतो. ‘मला तेव्हा गाण्याचा ध्यास होता’ असं माणूस सत्काराच्या भाषणात सहज बोलून जातो. ‘मला हव्यास होता’ असं कुणी म्हणत नाही. म्हटलंच तर ते जवळजवळ जबाब दिल्यासारखं वाटतं. हव्यास त्याला असतो, तिला असतो, त्या लोकांना असतो. बातमीत तर त्याचं एक ठरलेलं रूपच आहे, ‘हव्यासापोटी’. पैशाच्या हव्यासापोटी, सत्तेच्या हव्यासापोटी. पुढे काहीतरी भयंकर घडलेलं असतं आणि ‘हव्यासापोटी’ हा शब्द त्याचं कारण म्हणून आधीच येऊन बसलेला असतो. ध्यास माणूस आपल्याबद्दल सांगतो. हव्यास त्याच्याबद्दल दुसरा कुणीतरी सांगतो. आणि आईने तो शब्द पेन्सिलीने लिहून मला सांगितला होता.

आता बाबांच्या आरशाबद्दल सांगायला हवं.

मी आठेक वर्षांची असताना त्यांनी दुर्बिणीचा आरसा स्वतः घासायला घेतला. परावर्ती दुर्बिणीत पुढे मोठं भिंग नसतं, तळाशी अंतर्वक्र, म्हणजे मधून खोलगट, आरसा असतो, तोच प्रकाश गोळा करतो. तो घरी करता येतो. 6 इंच व्यासाच्या दोन जाड काचेच्या चकत्या घ्यायच्या. एक खाली उभ्या पिंपावर घट्ट बसवायची, तिच्यावर घर्षणाची पूड आणि पाणी टाकायचं, दुसरी चकती वर ठेवून पुढे-मागे घासायची. दर थोड्या वेळाने वरची चकती जरा फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं. बस, इतकंच. या घासण्यात एक गंमत आहे. वरची काच आपोआप मधून खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. कुणी आकार देत नाही, हजारो वेळा सारखा हात फिरला की आकार येतो.

पिंप गॅलरीत होतं. बाबा रोज संध्याकाळी त्याच्याभोवती हळूहळू प्रदक्षिणा घालत असल्यासारखे फिरायचे. आधी 80 नंबरची भरड पूड, तिचा आवाज खरखरीत, दाताखाली वाळू आल्यासारखा. मग 120, मग 220, आणखी बारीक, आणखी बारीक. आवाज उतरत जायचा. शेवटी-शेवटी नुसता ओला सुस्कारा उरायचा. एवढं सगळं घासून काचेत मधोमध जो खळगा पडतो त्याची खोली किती? 48 इंच नाभीय अंतराच्या, म्हणजे तितक्या अंतरावर प्रकाश एकवटणाऱ्या, त्या आरशात ती जेमतेम 1.2 मिलिमीटर होती. खडूने ओढलेली रेघ याहून जाड असते.

एकदा बारीक पुडीच्या वेळी आधीच्या भरड पुडीचा एकच कण कुठेतरी राहून गेला. नखाच्या कडेला असावा, किंवा फडक्याच्या शिवणीत. काचेवर एक लांब चरा उमटला. बाबांनी तो उजेडात धरून पाहिला, काच धुतली, पिंप धुतलं, फडकी टाकून दिली, आणि दोन नंबर मागे जाऊन पुन्हा सुरुवात केली. चिडले नाहीत. मला ते नवल वाटलं होतं, कारण चहाला उशीर झाला तरी चिडणारा माणूस होता तो.

मग राळेच्या थरावर, सेरियम ऑक्साइडच्या पुडीने काच चमकवायची. आणि मग तपासणी. फ्रान्सच्या लेऑं फुको यांनी 1850 च्या दशकाअखेर ही पद्धत काढली: प्रकाशाचा एक बारीक ठिपका, दाढीचं पातं आणि आपला डोळा. पातं प्रकाशाच्या वाटेत हळूच सरकवलं की आरशाच्या पृष्ठभागावरचे उंचवटे-खळगे सावल्यांमधून दिसायला लागतात, टेकड्यांवर तिरपं ऊन पडावं तसे. त्या टेकड्या मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतात. बाबांनी मला पात्यामागे उभं केलं आणि स्वतः जाऊन आरशाच्या काचेवर अंगठा टेकवला. थोडा वेळ धरला आणि काढला. मी पाहिलं तर त्या जागी एक टेंगूळ आलं होतं. अंगठ्याच्या ऊबेने काच फुगली होती. मग ते टेंगूळ माझ्या डोळ्यांदेखत हळूहळू विरलं. काच दगडासारखी असते, असं त्या दिवसापर्यंत मला वाटायचं.

हा ध्यास होता. यावर आईची पेन्सिल चालली नसती, असं मी तेव्हा मनात म्हटलं.

ध्यास हा शब्द कुठून आला ते पाहिलं आणि मी त्याच्या आणखी प्रेमात पडले. तो निदिध्यास या संस्कृत शब्दाचा आखूड झालेला वंशज. संस्कृतात ‘करण्याची इच्छा’ सांगायला धातूला ‘स’ जोडतात आणि धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं. पा म्हणजे पिणे, पिपासा म्हणजे पिण्याची इच्छा. ज्ञा म्हणजे जाणणे, त्याची जिज्ञासा. श्रु म्हणजे ऐकणे, त्याची शुश्रूषा. होय, शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. गुरूचं ऐकायचं तर त्याची सेवा करायची, आणि मग ती सेवाच शब्दात उरली, आज ती आजाऱ्याची होते. इच्छा झाली की संस्कृत शब्द असा अडखळतो, पहिलं अक्षर दोनदा उच्चारतो, हे मला फार माणसासारखं वाटतं. ध्यै म्हणजे चिंतन करणे, त्यापासून निदिध्यास. मराठीने पुढचं ‘निदि’ गाळलं, अडखळणं गेलं, पण शेवटचा ‘स’ राहिला. ध्यासातला तो ‘स’ म्हणजेच इच्छा.

आणि हा शब्द कोणत्या संवादात येतो पाहा. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत आणि जाण्याआधी मैत्रेयी आणि कात्यायनी या दोघी पत्नींमध्ये मालमत्तेची वाटणी करू पाहतात. मैत्रेयी विचारते, ही सगळी पृथ्वी धनाने भरून मला मिळाली तर मी अमर होईन का? याज्ञवल्क्य सरळ नाही म्हणतात. साधनसंपन्न लोकांचं जगणं असतं तसं तुझं होईल, एवढंच. मग ते घेऊन मी काय करू, असं ती म्हणते. त्यापुढच्या उपदेशात ते म्हणतात की आत्मा पाहावा, ऐकावा, त्याचं मनन करावं आणि तो ‘निदिध्यासितव्यः’, म्हणजे त्याचा ध्यास घ्यावा. वाटणीच्या बैठकीत, वाटा नाकारणाऱ्या बाईला सांगितलेला हा शब्द आहे.

(जाता जाता आणखी एक. उदास हा शब्द संतांच्या मराठीत अलिप्त, ज्याला काही नको आहे असा माणूस, या अर्थाने येतो. तुकोबा म्हणतात, धन उत्तम व्यवहाराने जोडावं आणि ‘उदास विचारें’ वेचावं. आज उदास म्हणजे दुःखी. ज्याला काही नको तो सुखी कसा असेल, असं आपण कधीतरी ठरवून टाकलेलं दिसतं.)

पुन्हा बाबांकडे येते. 6 इंचीनंतर त्यांनी 8 इंची आरसा घासायचं ठरवलं. पहिले काही महिने पिंप पुन्हा गॅलरीत आलं. मग नोकरीचा व्याप वाढला आणि त्यांनी 8 इंची तयार आरसा विकत आणला. मग 10 इंची. मग नेत्रिका, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावतो तिथली भिंगं. दोन पुरतात, तीन असल्या तर चैन. बाबांकडे 23 होत्या. मग तिपाया, फिल्टर, दुर्बिणी ठेवायच्या पेट्या आणि त्या पेट्या ठेवायचं कपाट. एक दुर्बीण मूळ खोक्यातून बाहेरच निघाली नव्हती, हे आम्हाला आता आवरताना कळलं. खोक्यावरची चिकटपट्टी पिवळी पडली होती.

ते मात्र शेवटपर्यंत आनंदाने सांगत राहिले, की मला आकाशाचं वेड आहे. खोटं बोलत नव्हते. आतून बघताना दोन्ही काळांत त्यांना काही फरक दिसत नसणार. त्याच माणसाची तीच इच्छा, तीच रात्रीची जागरणं. फक्त जागरण आता मासिकातल्या जाहिराती वाचत व्हायचं.

त्यांची एक आवडती गोष्ट होती, विल्यम हर्शेलची. व्यवसायाने संगीतकार, आणि आरसे घासायचं वेड. एकदा आरसा चमकवताना 16 तास त्याने हात काढला नाही. त्याची बहीण कॅरोलिन त्याला वाचून दाखवायची आणि तोंडात घास भरवायची, तिनेच हे लिहून ठेवलंय. तेव्हा आरसे धातूचे असायचे. तो धातू ओतण्यासाठी साचे करायचे, तर त्यासाठी ढीगभर घोड्याची लीद कुटून चाळायची. त्या कामालाही तिचा हात असायचा. 13 मार्च 1781 ला, जेमतेम 6 इंचांहून थोड्या मोठ्या आरशातून, हर्शेलला युरेनस हा नवा ग्रह दिसला. बाबा इथे थांबून आमच्याकडे बघायचे. 6 इंच! म्हणजे आपल्याएवढाच!

पुढची गोष्ट ते कमी सांगायचे. हर्शेलने मग इंग्लंडच्या राजाच्या पैशाने 40 फूट लांबीची दुर्बीण बांधली. 1789 मध्ये ती पूर्ण झाली, आरसा जवळपास सव्वा मीटर व्यासाचा. लोक बघायला यायचे. पण ती हलवायला अवघड, लावायला वेळखाऊ, धातूचा आरसा काळवंडायचा. हर्शेलने आपलं बरंचसं मोलाचं काम जुन्या 20 फुटीवरच केलं. 40 फुटी हा त्याचा ध्यास होता की हव्यास, हे मला ठरवता येत नाही. तिच्याशिवाय पुढच्या मोठ्या दुर्बिणींचं धाडस कुणाला झालं असतं का, असंही वाटतं.

आई ही गोष्ट ऐकताना दरवेळी एकच प्रश्न विचारायची. “आणि त्या बहिणीचं पुढे काय झालं?” बाबा म्हणायचे, तिने धूमकेतू शोधले. आठ. 1828 मध्ये तिला रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. 97 वर्षं जगली. “तसं नाही विचारत मी,” आई म्हणायची, आणि उठून जायची. मला वाटायचं, तिला गोष्ट नीट कळलेली नाही. माझ्या आयुष्यात आईला काही कळलेलं नाही असं मला वाटलं, तेव्हा बहुतेक वेळा मलाच कळलेलं नव्हतं.

तर, पान परत आल्यावर चार दिवसांनी, कपाट आवरताना मी तिला सरळ विचारलं. हव्यासच का?

तिच्या हातात 6 इंची आरसा होता, तिच्याच एका जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. ती म्हणाली, “हा झाला ना, त्या रात्री ह्यांनी मला हाक मारली होती. रात्री दीड-दोन वाजता. चल, शनी दाखवतो म्हणाले. मी झोपेतच गेले. एवढासा दिसला, कडं घातलेला. मला वाटलं, ह्यांनी चित्र चिकटवलंय आत.” मग थोडं थांबून, “पुढची एकही दुर्बीण आली तेव्हा हाक मारली नाही. मी वाट बघायचे सुरुवातीला.”

तक्रारीचा सूर नव्हता. कपाटात काय कुठे ठेवलंय ते सांगावं, तसं सांगत होती.

मी घरी आले आणि नको तिकडे नजर गेली. माझ्या टेबलाशेजारच्या फळीवर शब्दकोश आहेत. व्युत्पत्तीचे, म्हणींचे, पर्यायांचे, एकाच कोशाच्या दोन आवृत्त्या. 14 भरले. त्यातले पाच मी वर्षभरात उघडलेले नाहीत. ध्यासाची व्युत्पत्ती बघायला मी त्यातले तीन काढले होते, हे माझ्या बाजूने सांगायला हवं. आणि व्युत्पत्ती सापडली तेव्हा मी कुणाला हाक मारली होती का, हेही आठवून पाहिलं. आईला फोन करावा असं क्षणभर वाटलं होतं. मग वाटलं, तिला काय त्याचं.

फोन केला. शुश्रूषा म्हणजे आधी ऐकण्याची इच्छा, हे सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ती म्हणाली, “ह्यांची तीन वर्षं केली ती मी. ऐकायला काही बोलायचेच नाहीत शेवटी.” आणि मग हसली. मीही हसले, जरा उशिराने.

पुस्तिकेतल्या माझ्या पानाचं काय करावं, यावर मी नको इतका विचार केला. हव्यास ठेवला असता तर बाबांचे मित्र दुखावले असते, आणि ते खरंही पुरतं झालं नसतं. ध्यास ठेवला असता तर आईची रेघ मी खोडरबराने पुसल्यासारखं झालं असतं. शेवटी ते वाक्यच काढून टाकलं. त्या जागी लिहिलं: ‘बाबांनी 6 इंचाचा आरसा स्वतः घासुन केला आणि पहिल्या रात्री आईला उठवून त्यातून शनी दाखवला.’

नवीन पान आईकडे पाठवलं. ते परत आलं तेव्हा त्यावर पेन्सिलीची एकच खूण होती. ‘घासुन’मधला ‘सु’ तिने दीर्घ केला होता.